पिशवी काढण्यापूर्वी आत एकदा डोकावून पाहा

अतिरक्तस्रावाने हैराण झालेल्या स्त्रीला गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला फार लवकर मिळतो. रक्त नेमके कुठून जाते आहे हे दुर्बिणीने डोळ्यांना दिसू शकते, ही गोष्ट मात्र तिला बहुधा कोणी सांगतच नाही.

लग्नघरात सगळ्या बायका पुढच्या दालनात गप्पा मारत असतात आणि एखादीच मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असते. उठताना ती आधी साडीला मागून हात लावून पाहते. साडी गडद रंगाची, पर्समध्ये जादा कपडा, आणि मुक्कामी राहण्याचा आग्रह झाला की काहीतरी सबब. चाळिशी ओलांडलेल्या अशा स्त्रिया जवळजवळ प्रत्येक घरात सापडतील. पाळी दहा-बारा दिवस चालते, मध्येच पुन्हा डाग दिसतात, गाठी पडतात. दोन जिने चढले की धाप लागते. तरी घरात कोणाला काही सांगायचे नाही, कारण सासूबाईंनी केव्हाच सांगून ठेवलेले असते, "जाता जाता पाळी त्रास देतेच गं."

मग कधीतरी स्वयंपाकघरात चक्कर येते आणि डॉक्टरांकडे जाणे होते. हिमोग्लोबिन सात निघते. लोहाच्या गोळ्या, रक्त थांबवायच्या गोळ्या, त्यानेही भागले नाही तर क्युरेटिंग. अहवाल येतो, "काळजीचे काही नाही." दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. या टप्प्यावर तिच्यासमोर एक वाक्य टाकले जाते: "मुलं झाली आहेत ना? मग आता पिशवीचं काय काम? काढून टाका." घरी जाऊबाई दुजोरा देतात, "मी काढली, सुटले एकदाची. तुम्हीही काढा, वहिनी."

जाऊबाई सुटल्याही असतील. पण त्यांच्या पिशवीत काय होते आणि हिच्या पिशवीत काय आहे, हे दोघींनाही ठाऊक नसते. कित्येकदा डॉक्टरांनाही नसते.

किती रक्तस्राव जास्त?

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवसांचे अंतर आणि आठ दिवसांपर्यंतचा स्राव, ही आज जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ मानतात ती सर्वसाधारण मर्यादा आहे. रक्त किती मिलिलिटर गेले हे घरी कोणी मोजत नाही आणि त्याची गरजही नाही. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री कपडे बदलायला उठावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, पाळीच्या दिवसांत घराबाहेर पडायची भीती वाटणे, यांतले काहीही असले तर तो त्रास जास्तच समजायचा. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे हेही तपासून घ्यायला हवे. शरीरसंबंधानंतर रक्त दिसत असेल तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आणि पॅप स्मिअर आधी.

एक बाब मात्र वेगळी काढून सांगायला हवी. पाळी जाऊन पुरते वर्ष झाले आणि त्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. "पुन्हा पाळी सुरू झाली वाटतं," म्हणून हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. बहुतेकींच्या बाबतीत उतारवयात पातळ झालेले अस्तर किंवा एखादी निरुपद्रवी वाढ हेच कारण निघते. पण जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर अशा दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. हा कर्करोग रक्तस्रावाच्या रूपाने बहुधा लवकर वर्दी देतो, आणि लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. वर्दी ऐकायचीच नाही असे ठरवले तर त्याला इलाज नाही.

रक्तस्राव हे लक्षण आहे, आजार नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिगो'ने, २०११मध्ये त्याच्या कारणांची नऊ गटांत मांडणी केली. त्यांतली चार कारणे गर्भाशयाच्या रचनेतच दिसतात: अस्तरावर लोंबणारा कोंब म्हणजे पॉलिप, अस्तराच्या पेशी स्नायूंत शिरून गर्भाशय सुजणे म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस, स्नायूंची गाठ म्हणजे फायब्रॉइड, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. उरलेली कारणे दिसणारी नाहीत. रक्त गोठण्यातला दोष, बीज वेळेवर न सुटणे, अस्तराचाच काही बिघाड, तांबी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांसारखे उपचार, आणि शेवटी कुठेच न बसणारी काही. ही यादी कोणी पाठ करण्याची गरज नाही. पण एवढ्या वेगवेगळ्या कारणांवर एकच इलाज कसा असेल, हा प्रश्न मात्र मनात यावा.

अंधारातली खरवड

क्युरेटिंग, म्हणजे डॉक्टरी भाषेत डी अँड सी, आपल्याकडे इतके रुळलेले आहे की 'पिशवी साफ करणे' हा शब्दप्रयोग घरोघरी चालतो. जणू आत मळ साचला होता! प्रत्यक्षात गर्भाशयाचे तोंड रुंद करून चमच्यासारखे एक हत्यार आत घालतात आणि अस्तर खरवडून तपासणीला पाठवतात. हे सारे हाताच्या अंदाजाने चालते, आत काहीच दिसत नसते. अंधाऱ्या माळ्यावर खालून हात घालून डबा चाचपावा, तसला प्रकार.

१९७५ साली स्टॉक आणि कॅनबूर या दोन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. ज्यांचे गर्भाशय काढायचेच होते अशा स्त्रियांचे त्यांनी आधी क्युरेटिंग केले आणि काढलेले गर्भाशय उघडून किती भाग खरवडला गेला ते पाहिले. दर दहांपैकी सहा स्त्रियांत निम्म्याहून कमी पोकळी खरवडली गेली होती. देठावर डोलणारा पॉलिप तर हत्याराखालून सहज निसटतो. पॅथॉलॉजिस्ट बिचारा बाटलीत आले तेवढ्यावरच मत देणार. "काळजीचे काही नाही" याचा खरा अर्थ "पाठवलेल्या तुकड्यात काळजीचे काही नाही" एवढाच असतो. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शिकेने तर अतिरक्तस्रावाच्या निदानासाठी केवळ क्युरेटिंगवर विसंबू नका, असे स्पष्टच सांगितले आहे.

क्युरेटिंग अगदी टाकाऊ आहे असे नाही. एकाएकी भयंकर रक्तस्राव सुरू झाला आणि तो थांबवायचा आहे, तेव्हा त्याचा उपयोग होतो. कारण शोधण्याचे साधन म्हणून मात्र ते कमी पडते. आणि एकदा केलेले क्युरेटिंग त्याच प्रकारे पुन्हा पुन्हा करण्याने ती उणीव भरून निघत नाही.

मेणबत्तीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत

शरीराच्या पोकळीत डोकावण्याची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टराने मेणबत्तीचा उजेड नळीतून आत सोडणारे यंत्र बनवले होते. गर्भाशयात पहिल्यांदा नीट डोकावला तो पँटालिओनी, १८६९ साली. त्याची रुग्ण साठ वर्षांची होती आणि तिची तक्रार होती पाळी गेल्यानंतर होणाऱ्या रक्तस्रावाची. आत त्याला पॉलिपसारखी वाढ दिसली आणि सिल्व्हर नायट्रेटने त्याने ती जाळली. म्हणजे या तपासणीचा जन्मच मुळी आज ज्यासाठी ती करतात त्या तक्रारीतून झाला.

त्यानंतर शंभरेक वर्षे गाडी फारशी पुढे सरकली नाही. कारण गर्भाशय म्हणजे काही फुगलेला फुगा नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, मांसल असतात आणि हात लागला की रक्त येते. तिथे बघायचे तर भिंती दूर करायला हव्यात, रक्त धुऊन निघायला हवे आणि बारीक नळीतून भरपूर उजेड आत जायला हवा. हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या कांड्यांची भिंगे शोधली. जर्मनीच्या कार्ल श्टोर्झ यांनी ती आपल्या दुर्बिणींत बसवली आणि उजेडाचा प्रश्न सुटला. पुढे दुर्बिणीला छोटा कॅमेरा जोडला गेला आणि डॉक्टरला दिसते तेच पडद्यावर रुग्णालाही दिसू लागले. या तपासणीचे नाव हिस्टेरोस्कोपी.

तपासणी कशी होते?

पाळी येत असेल तर स्राव थांबल्यानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यात सोयीचे. तेव्हा अस्तर पातळ असते आणि आतले स्वच्छ दिसते. त्याआधी गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून घेतात. पंचेचाळिशीच्या स्त्रीला हा प्रश्न विचारला की ती लाजते किंवा चिडते, पण तो विचारायलाच हवा. गर्भावस्था, ओटीपोटातला ताजा जंतुसंसर्ग आणि गर्भाशयमुखाचा निदान झालेला कर्करोग असताना ही तपासणी करत नाहीत.

दुर्बीण साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. योनिमार्गाने ती गर्भाशयाच्या तोंडातून आत नेतात आणि तिच्यातून सलाइनचे पाणी सोडतात. पाण्याने भिंती दूर होतात आणि गुलाबी पोकळी पडद्यावर उघडते. वरच्या दोन कोपऱ्यांत बीजनलिकांची बारीक छिद्रे दिसतात. पोटावर कुठेही छेद नाही, टाका नाही. नुसते पाहायचे असेल तर काही मिनिटांत काम आटोपते.

सरावलेल्या डोळ्याला तिथे बरेच काही कळते. पॉलिप पाण्यात शेवाळासारखा डोलतो. फायब्रॉइडची गाठ पांढुरकी, घट्ट असते, तिच्यावर रक्तवाहिन्यांची जाळी पसरलेली दिसते आणि ती जागची हलत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीचे पातळ अस्तर फिकट, गुळगुळीत दिसते. अस्तर अवाजवी वाढले असेल तर ते जाड आणि उंचसखल असते. कर्करोग असेल तर भाग ठिसूळ, वेडावाकडा, पाण्याच्या धारेनेही रक्त येणारा. कधी वर्षानुवर्षे विसरलेली तांबीही सापडते! अ‍ॅडिनोमायोसिस मात्र स्नायूंच्या आत दडलेला असल्याने दुर्बिणीला सहसा गवसत नाही. तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआयच उपयोगी.

नुसत्या पाहण्यावर मात्र थांबता येत नाही. संशयित जागेचा तुकडा घेऊन तो पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावाच लागतो. दुर्बिणीचा फायदा असा, की तुकडा हवा त्या जागेचाच घेता येतो. आपल्या देशात आणखी एक दक्षता घेणे शहाणपणाचे ठरते. गर्भाशयाचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्याचा संशय असेल, विशेषतः मूल होत नसेल, तर नमुना दोन बाटल्यांत पाठवतात. एक फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये क्षयाच्या जंतूंसाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून पाहता येत नाहीत. सगळाच नमुना एका बाटलीत गेला तर तपासणी पुन्हा करायची पाळी येते.

दुखते का?

हा प्रश्न प्रत्येक स्त्रीच्या ओठांवर असतो आणि "काही कळतसुद्धा नाही" हे त्याचे उत्तर प्रामाणिक नाही. बारीक दुर्बीण आणि कसबी हात असेल तर पुष्कळ स्त्रियांना पाळीच्या वेळी दुखते तेवढेच दुखते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर आणखी सुसह्य होते. पण काहींना जोराची कळ येते, घेरी येते, नाडी मंदावते. ज्यांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने झालेली नाही किंवा पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत, त्यांच्या गर्भाशयाचे तोंड अरुंद असते आणि त्यांना त्रास जास्त होऊ शकतो. "थांबा" म्हणण्याचा हक्क रुग्णाला केव्हाही आहे. भूल घेऊन तपासणी करवून घेता येते आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी ती थोड्या वेळाची भूल देऊनच करतात. भूल घ्यायची असेल तर उपाशीपोटी जावे लागते, आणि घरी न्यायला सोबत कोणीतरी हवे.

तपासणीनंतर दोन-चार दिवस थोडे डाग दिसतात. गर्भाशयाला भोक पडणे किंवा जंतुसंसर्ग होणे, हे धोके आहेत पण क्वचित. ताप आला, पोटात दुखणे वाढत गेले, दुर्गंधी किंवा फार स्राव सुरू झाला तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. दुर्बिणीतूनच मोठी फायब्रॉइड तासून काढायची असेल तर वेगळी काळजी लागते. त्यात पाणी बराच वेळ सोडावे लागते आणि त्यातले काही रक्तात शोषले जाते. ते फार झाले तर जिवावर बेतू शकते. म्हणून चांगल्या शस्त्रक्रियागृहात किती पाणी आत गेले आणि किती बाहेर आले, याचा दूधवाल्याच्या खात्यासारखा चोख हिशेब ठेवायला एक माणूस असतो.

सगळ्यांनाच दुर्बीण हवी का?

मुळीच नाही. नव्या यंत्राची हौस हाही एक रोगच आहे. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीला फार रक्त जात असेल तर बहुधा संप्रेरकांची घडी बसलेली नसते, आणि कधी रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो. तिला रक्ततपासणी हवी, दुर्बीण नव्हे. तरुण स्त्रीची पाळी नियमित आहे, फक्त स्राव जास्त आहे आणि तपासणीत काही सापडत नाही, तर आधी औषधे देऊन पाहणे योग्य. सुरुवात नीट विचारपूस, हिमोग्लोबिन, गरज वाटली तर थायरॉइडची तपासणी आणि योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी यांनीच व्हायची. पाळी गेलेल्या स्त्रीचे अस्तर सोनोग्राफीत चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी असते. तरीही रक्त पुन्हा दिसले तर तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

दुर्बिणीची खरी गरज लागते ती सोनोग्राफीत पोकळीमध्ये पॉलिप किंवा गाठ असल्याचा संशय आला, दोन पाळ्यांच्या मध्ये सतत डाग पडत राहिले, औषधांनी गुण आला नाही किंवा आधीचा अहवाल निर्धोक असूनही रक्त थांबत नाही, अशा वेळी. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासून घेण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. लठ्ठपणा, मधुमेह, वर्षानुवर्षे अनियमित पाळी किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर त्याहूनही आधी.

कारण सापडले की इलाजाला दिशा मिळते. पॉलिप निघाला तर दुर्बिणीतूनच तो मुळासकट काढून बाई बहुधा संध्याकाळपर्यंत घरी जाते. पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडही बऱ्याचदा याच मार्गाने निघते. आत काहीच नसेल तर रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेले ऑर्मेलॉक्सिफेन किंवा गर्भाशयात बसवायची, संप्रेरक सोडणारी टी यांचा चांगला उपयोग होतो. आणि पिशवी काढण्याची वेळही कधी येतेच. कर्करोग, खूप मोठ्या गाठी, कशालाच न जुमानणारा अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर त्या शस्त्रक्रियेने स्त्रीला जीवदान मिळते. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

बीडच्या बायका

खटकते ती घाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे तिघींहून थोड्या अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले ते पाळीतला अतिस्राव किंवा वेदना, म्हणजे जिथे आधी तपासायला आणि औषधे द्यायला भरपूर वाव असतो तेच.

या आकड्यांमागे काय दडले आहे ते बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडीला जोडप्याने जावे लागते, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. पाळीच्या दुखण्याने एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते, वर दंड बसतो. फडात ना आडोसा, ना पाणी. अशा वेळी कोणी सांगितले की पिशवी काढली की कटकट संपेल, शिवाय पुढे कर्करोग होईल तोही टळेल, तर बाई उसनवारी करून ऑपरेशन करवून घेते. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी माहिती आली, तिच्यानुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कित्येकींची चाळिशीही झालेली नव्हती. त्या वयात बीजकोशही काढले तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ऋतुनिवृत्ती लवकर येऊ शकते.

बीडमध्ये त्यानंतर खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड इथल्या अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्व राज्यांना दिला.

दुर्बीण खेडोपाडी पोहोचलेली नाही, हे खरेच आहे. पण जिल्ह्याच्या गावी, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि शहरांतल्या अनेक प्रसूतिगृहांत ती आता असते. पिशवी काढण्यासाठी जेवढा खर्च, जेवढे दिवस अंथरुणावर आणि जेवढी माणसांची धावपळ लागते, त्या मानाने एकदा दुर्बिणीने पाहून घेणे फार कमी खर्चिक पडते. ऑपरेशनची तारीख ठरण्यापूर्वी डॉक्टरांना तीनच गोष्टी विचाराव्यात. रक्त कशामुळे जाते आहे? ते कोणत्या तपासणीत दिसले? आणि औषधाने किंवा दुर्बिणीने भागणार नाही असे का वाटते? विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावलाच, तर कागदपत्रांची फाइल उचलून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

तपासणी झाली की नमुन्याच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे काम आपल्याकडे बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे येते. बाटलीवर नाव, वय आणि तारीख नीट लिहिली आहे का, दोन असतील तर दोन्हींवर लिहिली आहे का, ते तिथेच उभ्या उभ्या वाचून पाहावे. प्रयोगशाळेची पावती फाइलला लावावी. अहवाल यायला साधारण आठवडा लागतो, आणि तोवर ऑपरेशनचा दिवस ठरवू नये.